दीड वाजला, पावणेदोन वाजले

१

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. तिथली एक दुपार अजून डोक्यातून जात नाही. धडगावच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून आलेला एक विद्यार्थी स्पर्धापरीक्षेच्या सरावाची प्रश्नपत्रिका घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. घरी पावरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, सिनेमात हिंदी आणि या सगळ्यांनंतर इंग्रजी, अशी त्याच्या भाषांची चढण होती. प्रश्न गाळलेली जागा भरण्याचा होता. वाक्य असे : ‘टू-थर्ड्‌स ऑफ द पॉप्युलेशन ऑफ द डिस्ट्रिक्ट … ट्रायबल.’ रिकाम्या जागी ‘इज’ घालायचे की ‘आर’? त्याने ‘आर’ घातले होते. उत्तरतालिकेत ‘इज’ होते. त्याचा एक गुण गेला आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापण्याची पद्धत असल्यामुळे वर आणखी पाव गुण गेला. सगळा मिळून सव्वा गुण गेला.

मी त्याला वर्गात सांगतो तेच सांगितले : ‘पॉप्युलेशन’ हे समूहवाचक नाम आहे, ते एकवचनी, म्हणून क्रियापद एकवचनी. त्याने मान हलवली, पण जागचा हलला नाही. मग म्हणाला, ‘‘सर, पॉप्युलेशन म्हणजे आम्हीच ना? मग आम्ही ‘इज’ कसे?’’

मी हसलो आणि ‘नियम आहे तसा’ म्हणून विषय संपवला. तो गेला. नियम तसा नाही, हे मला माहीत असायला हवे होते. पुढे पुस्तके चाळताना कळले की त्याचे उत्तर बरोबर होते. निदान चूक तरी नव्हते. त्याला तेव्हा जे सांगायचे राहिले, ते नीट मांडावे म्हणून हा लेख.

२

आपल्याकडे इंग्रजी व्याकरण म्हणजे रेन आणि मार्टिन, हे समीकरण अजून पुसलेले नाही. १९३०च्या दशकातले हे पुस्तक. त्यातले पी. सी. रेन हे भारतात शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ, आणि ‘ब्यू जेस्ट’ या १९२४ सालच्या गाजलेल्या कादंबरीचे लेखकही तेच. त्या पुस्तकातले कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाचे प्रकरण मी इतक्या वेळा शिकवले आहे की डोळे मिटूनही मला त्याची पाने दिसतात. आधी मूळ नियम : कर्ता एकवचनी तर क्रियापद एकवचनी, कर्ता अनेकवचनी तर क्रियापद अनेकवचनी. मग त्याला जोडलेल्या पोटनियमांची रांग. रक्कम किंवा अंतर एकत्रितपणे मनात असेल तर अनेकवचनी नामापुढेही एकवचनी क्रियापद. समूहवाचक नाम असेल तर समूह एक म्हणून मनात आहे की त्यातली माणसे वेगवेगळी मनात आहेत, ते पाहून क्रियापद.

या प्रकरणावर माझा आक्षेप आहे तो चुकीबद्दल नाही. त्यातले नियम बरोबर आहेत. आक्षेप मांडणीबद्दल आहे. जे इंग्रजीच्या स्वभावातच आहे, ते तिथे अपवाद म्हणून शेपटीला लावलेले आहे. त्यामुळे विद्यार्थी मूळ नियम पाठ करतो आणि अपवादांना घाबरतो. पुढे त्या प्रकरणावरून मार्गदर्शिका निघतात, मार्गदर्शिकांवरून प्रश्नसंच निघतात. ‘मनात काय आहे ते पाहून’ हा त्या पोटनियमातला जीव या प्रवासात गळून पडतो. उरते ती एका अक्षराची उत्तरतालिका.

रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८५ साली इंग्रजीचे जे बृहद्‌व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात हा विषय निराळ्या रीतीने मांडला आहे. त्यांच्या मते मेळाची तीन तत्त्वे एकाच वेळी काम करत असतात. पहिले रूपाचे : शब्दाचे रूप एकवचनी की अनेकवचनी. दुसरे अर्थाचे : बोलणाऱ्याच्या मनात एक वस्तू आहे की अनेक. तिसरे शेजाराचे : क्रियापदाच्या लगत कोणते नाम आले आहे. बहुतेक वाक्यांत तिन्ही एकाच बाजूला असतात, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. त्यांच्यात फूट पडते ती संख्या, परिमाण आणि अपूर्णांक आले की.

अपूर्णांकापुरता इंग्रजीचा व्यवहार सोपा आहे. ‘हाफ ऑफ’ किंवा ‘टू-थर्ड्‌स ऑफ’ यांना स्वतःचे वचन नसल्यासारखेच असते. ‘ऑफ’च्या पुढे जे येते ते वचन ठरवते. ‘हाफ ऑफ द वॉटर इज’, पण ‘हाफ ऑफ द वेल्स आर’. पाणी मोजता येत नाही, विहिरी मोजता येतात, एवढाच प्रश्न. अडचण येते ती ‘ऑफ’च्या पुढे ‘पॉप्युलेशन’सारखा शब्द आला की. रूपाने तो एकवचनी आहे, अर्थाने त्यात माणसे आहेत. अशा वेळी इंग्रजी दोन्ही रूपे चालवते. अमेरिकेचा कल एकवचनाकडे अधिक, ब्रिटनमध्ये अनेकवचनही सहज खपते. आणि वाक्याच्या पुढच्या भागात ‘आदिवासी आहेत’, ‘शेतकरी आहेत’ असे माणसांविषयी काही सांगितलेले असेल तर अनेकवचन अधिकच स्वाभाविक वाटते. म्हणजे त्या प्रश्नपत्रिकेतला तो प्रश्न एकच उत्तर मागण्याच्या लायकीचा नव्हता.

३

आता मराठीकडे येतो. इंग्रजीतला हा भाग मुलांना परका वाटतो असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. खरे तर हा भाग त्यांना शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच येत असतो.

आमच्या जिल्ह्यातले नवापूर रेल्वे स्थानक अनेकांनी निदान छायाचित्रात पाहिले असेल. महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द त्या स्थानकातूनच गेली आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या एका टोकाला महाराष्ट्र लिहिले आहे, दुसऱ्या टोकाला गुजरात. हे स्थानक पाहिलेला कोणीही मराठी माणूस सहज सांगेल : ‘अर्धे स्थानक महाराष्ट्रात आहे.’ तिथे गाडीची वाट पाहणाऱ्यांबद्दल तोच म्हणेल : ‘निम्मे प्रवासी इकडचे आहेत, निम्मे तिकडचे.’ आणि बाकाबद्दल : ‘अर्धा बाक त्यांचा, अर्धा आपला.’ अर्धा, अर्धी, अर्धे. निम्मा, निम्मी, निम्मे. मराठीत अपूर्णांकाचा हा शब्दच पुढच्या नामाचे लिंग आणि वचन अंगावर घेतो, आणि क्रियापदही त्याच नामाच्या मागे जाते. जे अपूर्णांक बदलत नाहीत त्यांच्या बाबतीतही क्रियापद नामालाच धरून असते : ‘दोन तृतीयांश पाणी आटले’, ‘दोन तृतीयांश विहिरी आटल्या’. इंग्रजीत ‘ऑफ’च्या पुढे पाहा म्हणून आपण जो नियम घोकायला लावतो, तो मराठी मूल बोलायला शिकतानाच शिकलेले असते. फक्त ते त्याला कोणी सांगत नाही.

परिमाणांचेही तसेच. ‘पाच किलो गूळ आणला, पाच किलो साखर आणली, पाच किलो कांदे आणले.’ किलो तेवढेच, आणणारा तोच, पण क्रियापद तीन तऱ्हांचे. ते मापाकडे पाहतच नाही, मालाकडे पाहते. ‘मी’ इथे कर्ता असला तरी क्रियापद त्याला विचारत नाही, कारण हा कर्मणी प्रयोग. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत प्रयोगांचे एवढे विवेचन झाले आहे, पण इंग्रजीच्या तासाला त्याचा उपयोग करून घेतलेला मी फारसा पाहिला नाही. मीही केला नव्हता.

माल एक मानायचा की अनेक, हे ठरवण्याची मुभाही मराठीत आहे. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या सुमारास ओली लाल मिरची बाजारात येऊ लागते आणि शहराच्या आसपासच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडते. मैलभर तांबडे अंथरूण घातल्यासारखे दिसते. तिथे कोणीही ‘दोनशे क्विंटल मिरच्या आल्या’ म्हणत नाही. ‘दोनशे क्विंटल मिरची आली’ असेच म्हणतात. अवकाळी पाऊस आला तर ‘निम्मी मिरची भिजली’. तीच मिरची घरी आली की मात्र ‘फोडणीत चार मिरच्या टाकल्या’. व्यापाऱ्याला ती राशीने दिसते, स्वयंपाक करणाऱ्याला नगाने. दोघांचेही व्याकरण शुद्ध आहे. दोघे एकाच वस्तूकडे निरनिराळ्या कामासाठी पाहत आहेत, एवढेच.

मराठी जिथे मदत करत नाही, उलट चकवते, ती जागाही सांगायला हवी. ‘शंभर रुपये पुरतील’, ‘तीन तास पुरेसे आहेत’ असे आपण अनेकवचनात म्हणतो. इंग्रजी मात्र शंभर रुपयांची एक पुरचुंडी बांधते आणि ‘हंड्रेड रुपीज इज इनफ’ म्हणते. आमचे विद्यार्थी तिथे हटकून ‘आर’ लिहितात. ही चूक आळसाची नाही. मराठीच्या नियमाने ते बरोबरच चाललेले असतात. ‘मोअर दॅन वन स्टुडंट वॉज अ‍ॅब्सेंट’ या वाक्याचेही तेच. ‘एकाहून अधिक’ म्हणजे निदान दोन, म्हणून आपण ‘होते’ म्हणतो. इंग्रजी तिथे अर्थाला बाजूला सारून लगतच्या ‘वन स्टुडंट’ला मान देते. एरवी अर्थाच्या बाजूने झुकणारी भाषा इथे शेजाराच्या बाजूने गेली. तिन्ही तत्त्वे कशी ओढाताण करतात ते समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

४

या सगळ्यात मला सर्वांत रमवणारा भाग घड्याळाचा आहे. भर दुपारी घड्याळाकडे पाहत मराठीत वेळ मोजत जा : साडेबारा वाजले, पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला, पावणेदोन वाजले, दोन वाजले. साडेबाराला अनेकवचन होते, पंधरा मिनिटांनी एकवचन झाले, ते दीडपर्यंत टिकले आणि पावणेदोनला पुन्हा अनेकवचन आले. तासांचे, महिन्यांचे, वर्षांचेही तसेच : ‘दीड महिना झाला’, पण ‘पावणेदोन महिने झाले’ आणि ‘अडीच महिने झाले’. हल्ली ‘दीड वाजले’ आणि ‘दीड रुपये’ अशी रूपेही कानावर येतात, पण जुन्या वळणाच्या तोंडी ‘दीड रुपया’च असतो. अहिराणीतही ही वाटणी ऐकू येते : दीड वाजना, दोन वाजनात.

म्हणजे मराठीत एक आणि अनेक यांची हद्द दीड आणि पावणेदोन यांच्यामधून जाते. ती तिथे का असावी? शब्दांच्या कुळकथेत थोडे उत्तर सापडते. पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणे. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. पाऊण आणि सव्वा यांच्यात ‘एक’ हा शब्द दिसत नाही, पण मोजणी त्याच्याच भोवती आहे. दीड हा द्व्यर्ध या शब्दावरून आला : पहिले पूर्ण आणि दुसऱ्यातले अर्धे. अडीच हा अर्धतृतीयावरून आला : दोन पूर्ण आणि तिसऱ्यातले अर्धे. याच रांगेत पुढचा औट, म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करणाऱ्यांना हे शब्द परवच्याइतके सरावाचे होते. दीडमध्ये पूर्ण झालेली वस्तू एकच आहे, दुसरी अजून पुरी व्हायची आहे. म्हणून वाजला, झाला. अडीचमध्ये दोन पुऱ्या झाल्या आहेत. म्हणून वाजले, झाले. पावणेदोनमध्ये खरे पाहता दोन पुरे झालेले नाहीत, पण शब्दातच ‘दोन’ उभा आहे आणि तोच क्रियापदाला ओढून नेतो. हा माझा तर्क आहे, पण पहिल्या प्रकारात अर्थ आणि दुसऱ्यात रूप जिंकते असे म्हटले तर सगळी मालिका सुटते.

इतर भाषांनी ही हद्द वेगवेगळ्या ठिकाणी आखली आहे. फ्रेंचमध्ये अनेकवचन दोनपासून सुरू होते. दीड दशलक्ष तिथे एकवचनीच असतो. जर्मनमध्ये दीडसाठी ‘आंडरथाल्ब’ हा शब्द आहे, त्याचा अर्थही ‘दुसरे अर्धे’ असाच आहे, म्हणजे तो आपल्या दीडचा दूरचा भाऊच. पण त्यापुढे जर्मन माणूस अनेकवचनी नाम वापरतो. इंग्रजी ‘वन अँड अ हाफ अवर्स’ म्हणते, आणि दशांश चिन्ह आले की पुढे जाऊन ‘झीरो पॉइंट फाइव्ह किलोमीटर्स’ म्हणते. एका किलोमीटरहूनही कमी, तरी अनेकवचन. पण तेच अंतर शब्दांत सांगताना ‘हाफ अ किलोमीटर’. एकाच अंतराला एकाच भाषेत दोन वचने. तेव्हा एक कुठे संपतो आणि अनेक कुठे सुरू होतात, हे निसर्गाने ठरवलेले नाही. प्रत्येक भाषकसमाजाने ते आपल्यापुरते ठरवले आहे.

५

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परततो. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ आहे आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. दोन तृतीयांशांहून थोडे अधिक. हे विधान मराठीत करताना ‘लोकसंख्या’ शब्द घेतला तर ‘आदिवासी आहे’ म्हणावे लागते. ‘लोक’ घेतले तर ‘आदिवासी आहेत’. मराठीत क्रियापद बदलायचे तर नाम बदलावे लागते. इंग्रजीत तेच नाम ठेवून क्रियापद बदलता येते. या एका बाबतीत इंग्रजी मराठीहून मोकळी आहे, आणि नेमकी तीच मोकळीक त्या उत्तरतालिकेने काढून घेतली होती.

मराठीत अशी मोकळीक अगदीच नाही असेही नाही. ‘घरची मंडळी आली आहे’ आणि ‘घरची मंडळी आली आहेत’ ही दोन्ही वाक्ये आपण बोलतो. पहिल्यात मंडळी एक गट म्हणून आली, दुसऱ्यात काका, काकू, पोरेबाळे अशी माणसे आली. त्याहून मोठी गोष्ट आदरार्थी बहुवचनाची. ‘सर आले’, ‘बाबा जेवले’, ‘पाहुणे म्हणाले’. माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी. मराठी अपूर्णांकाच्या हिशेबात कितीही काटेकोर असली तरी मान द्यायचा असतो तिथे ती एकाचे अनेक करते. वर्गात शिरणाऱ्या एकट्या मला ती ‘आहेत’ म्हणते, आणि जिल्ह्यातल्या अकरा लाखांहून अधिक माणसांना, ‘लोकसंख्या’ या शब्दात घातले की, ‘आहे’ म्हणते. व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पण तो मुलगा जे विचारत होता ते हेच होते, असे आता वाटते.

या प्रश्नाचे वजन आमच्या जिल्ह्यात जरा जास्त आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. त्या काळापासून इकडे ‘निम्मे गाव बुडाले’ हे वाक्य ऐकू येते. ‘निम्मे गाव’ म्हटले की डोळ्यांपुढे जमीन येते, पाण्याची पातळी येते. ‘गावातली निम्मी घरे बुडाली’ म्हटले की घरे मोजावी लागतात. ‘निम्मी माणसे उठली’ म्हटले की कोण कुठे गेले ते विचारावे लागते. अहवाल लिहिणाऱ्याला पहिले वाक्य सोयीचे असते आणि ज्याचे घर गेले त्याला तिसरे. मिरचीच्या बाबतीत व्यापारी आणि स्वयंपाकघर यांच्यातला फरक आपल्याला गमतीचा वाटतो, कारण मिरचीला त्याने काही होत नाही.

म्हणून शिकवण्याबाबत माझे म्हणणे असे आहे. अपूर्णांकाचा इंग्रजी नियम अपवाद म्हणून शिकवू नये. ‘अर्धा बाक, अर्धी मिरची, निम्मे प्रवासी’ इथून सुरुवात करावी आणि मुलांना येते तेच त्यांना दाखवून द्यावे. ‘शंभर रुपये पुरतील’सारख्या जागी मराठी आणि इंग्रजी कुठे फुटतात ते उघड सांगावे, म्हणजे चूक का होते ते मुलांना कळेल. आणि ‘पॉप्युलेशन’, ‘फॅमिली’, ‘कमिटी’ अशा शब्दांवर एक उत्तर मागणारे प्रश्न परीक्षेत घालू नयेत. घालायचेच तर दोन्ही पर्याय ग्राह्य धरावेत. भाषेने बोलणाऱ्यावर सोपवलेली निवड परीक्षकाने हिरावून घेऊ नये. त्या निवडीवर कोणाची नोकरी अवलंबून असेल तिथे तर मुळीच नाही.

तो विद्यार्थी पुढे मला भेटला नाही. त्याच्या सव्वा गुणाचे मी काही करू शकलो नाही. पण त्यानंतर हे प्रकरण शिकवायला उभा राहिलो की फळ्यावर पहिले वाक्य मी रेन-मार्टिनमधले लिहीत नसे. ‘दीड वाजला’ आणि त्याखाली ‘पावणेदोन वाजले’ असे लिहून विचारत असे : पंधरा मिनिटांत असे काय झाले? पाचदहा मिनिटे वर्गात गोंधळ होई. भिलीत आम्ही असे म्हणतो, गुजरातीत तसे म्हणतात, आमच्याकडे दीडलाही ‘वाजले’ म्हणतात, अशी उत्तरे चारी बाजूंनी येत. मग मी त्या मुलाचे वाक्य लिही आणि रिकाम्या जागी ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही लिहून कोणते केव्हा म्हणाल ते सांगायला लावी. बहुतेक वेळा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणे की आकडा सांगायचा असेल तर ‘इज’, आणि आमच्याबद्दल बोलायचे असेल तर ‘आर’. मी त्या उत्तराला पूर्ण गुण देत असे.